एकशे एकावा गोळा

माझ्या सासरी, काटेवाडीला, भादव्यात गौरी यायच्या आधी मातीचा हत्ती घालायची रीत होती. गावात दुसऱ्या कुठल्या घरी ती नव्हती. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटं, तिथं तर हत्तीची नुसती गोष्ट होती, हत्ती नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कालव्याचं पाणी मिळालेल्या लोकांचे हे चोचले आहेत. आमच्याकडे भादव्यात प्यायला पाणी असलं तरी पुष्कळ, हत्ती मळायला कोण देतो.

गोष्ट दोन जावांची. एक शंभरजणांची आई, दुसरी पाचजणांची. राज्य कुणाचं, गादी कुणाची, हे त्यांच्या पुरुषांचं भांडण आणि त्याची मोठी पोथी. बायकांची गोष्ट एवढीच की थोरलीच्या मनात पूजा करायची आली. तिनं लेकांना सांगितलं, एकेकानं एकेक मातीचा गोळा आणा. शंभर गोळ्यांचा भला मोठा हत्ती झाला. तिनं नगरातल्या सगळ्या बायकांना बोलावणं धाडलं, सख्ख्या जावेला तेवढं नाही. पाचजणांची आई घरात रडत बसली, पाच गोळ्यांत हत्तीचा एक पायही होईना. मग तिच्या एका लेकानं आभाळापर्यंत बाणांचा जिना केला आणि स्वर्गातला जिवंत हत्ती आईच्या दारात आणून उभा केला. बायका मातीचा हत्ती टाकून तिकडं धावल्या.

नावं मी घेत नाही, त्यात काही लपवाछपवी नाही. सासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं आणि आमच्या ह्यांचं, तिन्ही नावं त्या पाचांतलीच. ती तोंडातून काढायची नाहीत, म्हणून आमच्या घरातल्या बायका अख्खी गोष्ट नावाशिवाय सांगायच्या, आणि मला ती अजून तशीच येते. गंमत अशी की घरात नावं पाचांची आणि कौतुक मात्र शंभरांचं. सासूबाई शंभर गोळ्यांचं वर्णन करायला लागल्या की गूळ चघळत असल्यासारख्या सांगायच्या, आणि स्वर्गातला हत्ती दोन वाक्यांत उरकायच्या. वरकुट्याला माझी आई नेमकं उलटं करायची. तिच्या तोंडी मातीचा हत्ती कधी यायचा आणि कधी जायचा ते कळायचंसुद्धा नाही, बाणांचा जिना मात्र पायरी पायरीनं चढायचा. मी त्या पायऱ्यांवर वाढलेली. सासरी शंभर गोळ्यांची गोष्ट ऐकताना माझ्या तोंडाला कुलूप असायचं आणि डोकं तापायचं.

घरात थोरली जाऊ होती. तिला मी आक्का म्हणायची. ती जवळच्याच कन्हेरीची, हाडापेराची, बोलायला रोखठोक. तिला चार मुलगे. मला एक मुलगी, आणि तिच्या पाठीवर सहा वर्षं काहीच नाही. आता सांगायला लाज वाटत नाही, आक्काची पोरं ओळीनं जेवायला बसली की माझ्या पोटात दुखायचं. मी त्यांना वाढायची, भाकरी चुरून द्यायची, आजारपणात उशाशी बसायची, आणि पोटात दुखायचंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

हत्तीचे नेम दोन. घरातल्या प्रत्येक मुलानं भिजवलेल्या मातीचा एक गोळा आपल्या हातानं आणून द्यायचा, हा पहिला. आणि ज्याचा गोळा हत्तीत गेला, त्यानं पूजा होऊन हत्ती कालव्यात शिरवीपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही, हा दुसरा. माती भिजवणं, खडे वेचणं, लीद घालून मळणं माझ्याकडे, कारण मी धाकटी. हत्ती घडवायचा आक्कानं. तिचा हात चांगला होता, हे मला रागातसुद्धा मान्य करावं लागायचं.

सन तीस उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि हत्ती आता आक्काच्या ताब्यात आला होता. माती मळायच्या आदल्या दिवशी पोरं ओट्यावर बसून हत्तीचा कुठला भाग कुणाच्या गोळ्याचा यावर भांडत होती. थोरल्याला डोकं, दुसऱ्याला पाठ. माझी मुलगी मध्येच म्हणाली, ‘‘मी पाय करणार.’’

आक्का शेंगा फोडत होती. तिनं वर न बघता विचारलं, ‘‘गोष्टीत काय हाय गं? किती गोळं?’’

‘‘शंभर.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘लेकांचं.’’

‘‘मग? पोरींचा गोळा लागत न्हाय हत्तीला.’’

ती रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर मी उलट उत्तर देऊन मोकळी झाले असते. शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. माझी पोर माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी सूप उचलून आत गेले. तिच्याकडे पाठ करून गेले, ते मला स्वतःचंच जास्त लागलं.

आमच्या खालच्या रानात कालव्याचा पाझर होता. तिथली अर्धा बिघा जमीन चोपण झाली होती. सकाळी बघावं तर मातीवर मीठ फुटलेलं, पांढरं. त्या मातीत ना ऊस यायचा ना गवत. एकदा गड्यानं तीच माती गोठ्याच्या भिंतीला लावली होती, तर वाळल्यावर पोपडे होऊन खाली आली. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन पाट्या घेऊन खालच्या रानात गेले. दोन पाट्या चोपण, दोन पाट्या ओढ्याची काळी. लीद घालून अशी मळली की कुणाला शंका यायची नाही. पूजेला गावातल्या बायका जमतील, आरती चालू असताना हत्ती तडकेल, आणि शंभरजणांच्या आईचं तोंड बघण्यासारखं होईल, एवढंच माझ्या मनात होतं. खरं सांगते, याच्यापुढचं काही मनात नव्हतं.

दुपारी मी धुणं घेऊन कालव्यावर गेले, परत आले तर हत्ती उभा. कमरेएवढा, सोंड वर उचललेली. आक्काचे हात कोपरापर्यंत मातीचे आणि चेहऱ्यावर समाधान. माझी मुलगी कोपऱ्यात गुपचूप बसली होती. मला वाटलं, रुसली आहे.

पूजा चार दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्काचा धाकटा, चार वर्षांचा, थंडी वाजून तापला. कालवा आल्यापासून हिवताप आमच्याकडे घरचाच झाला होता, त्यामुळे आधी कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला शुद्ध धड नव्हती. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओळख नाही. आणि त्याच सकाळी हत्तीच्या मागच्या डाव्या पायाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. पाठीवर पांढरं फुटायला लागलं होतं.

थोरले भाऊजी इंदापूरला कचेरीत तारखेला गेले होते. आमचे हे म्हणाले, ‘‘वहिनी, गाडी जुंपतो. बारामतीला दवाखाना हाय, कोयनेल दिलं की उतरंल.’’

आक्का हत्तीसमोर बसली होती, पोराला मांडीवर घेऊन. ती म्हणाली, ‘‘पोराचा गोळा हत्तीत हाय. शिरवल्याबिगर शीव वलांडायची न्हाय.’’

‘‘आवं पर पोराकडं बघा की!’’

‘‘बघतीया. म्हनूनच न्हाय म्हनती. आदीच कोप झालाय, आनि नेम मोडू?’’

‘‘मग आजच शिरवू.’’

‘‘पूजेबिगर? हत्ती काय रांजण हाय का, नको झाला की पान्यात टाकायला?’’

बायकांच्या नेमात पुरुष बोलत नसत. हे दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बैल गोठ्यात, गाडी अंगणात, बारामती तीन कोसांच्या आत. पूजा परवावर, हत्ती शिरवायला आणखी एक दिवस. तेवढे दिवस त्या पोरात होते असं मला दिसत नव्हतं.

मी चुलीपुढं बसले. मला तो तडा दिसत होता आणि ते पोर दिसत होतं, आणि दोघांच्या मधे माझ्या त्या दोन पाट्या. कोप वगैरे काही नाही, चोपण माती आहे, हे सगळ्या घरात एकटीला मला ठाऊक होतं. सांगितलं तर आक्का मला या घरात ठेवणार नाही, वरकुट्याला नेऊन घालतील, एकुलती एक लेक इथं राहील की माझ्याबरोबर येईल तेही माझ्या हातात नाही. नाही सांगितलं तर पोर जाईल. आईच्या गोष्टीत पाचजणांची आई रडत बसते तेव्हा आम्ही पोरी सगळ्या तिच्या बाजूच्या असायचो. ती जावेच्या हत्तीत खारी माती कालवते, असं काही आईनं सांगितलं नव्हतं. मी कुणाच्या बाजूची झाले होते ते मला कळेना. मग आतून त्या पोराचं कण्हणं ऐकू आलं आणि मी उठले.

‘‘आक्का, त्यो हत्ती खोटा हाय.’’

तिनं मान वर केली.

‘‘त्याला नेम लागत न्हाय. त्यात चोपण घातलीया. खालच्या रानातली. म्याच घातली. तुमची फजिती व्हावी म्हनून घातली. पोराचं असं व्हईल हे माज्या मनात नव्हतं, माझ्या लेकीची आन. मला काय करायचं ते मागनं करा, पर पोराला आदी बारामतीला न्या.’’

हे सगळं मी एका दमात बोलले आणि डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हाताला येईल ते डोक्यात बसणार.

काहीच बसेना तेव्हा मी डोळे उघडले. आक्कानं पोराला एका हातानं सावरलं होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट हत्तीच्या पाठीवर, त्या पांढऱ्यावर घासत होती. ते बोट तिनं जिभेला लावलं. तिचं तोंड वाकडं झालं. मग म्हणाली, ‘‘खारट हाय.’’

‘‘व्हय.’’

‘‘म्हंजी माझ्यामुळं न्हवं?’’

मला काही कळेना. आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यातच ती हसायला लागली. अशी हसली की हे गोठ्यातून धावत आले. तिला एका वेळी हसता, रडता आणि बोलता येईना. तुकड्या तुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं.

तो डावा पाय माझ्या मुलीचा होता. मी धुण्याला गेले तेव्हा पोर कोपऱ्यात उभं राहून बघत होतं, आणि आक्काला राहवलं नाही. तिनं तिला जवळ बोलावून तिच्या हाताचा गोळा घेतला, पाय करून लावला आणि बजावलं, आईला सांगायचं नाही. सहा वर्षांच्या पोरीनं ते तीन दिवस पोटात ठेवलं. मी तिला रुसलेली समजत होते.

‘‘मला का न्हाय सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘चारचौघींत न्हाय म्हनली हुती. मग तुज्याफुडं कोन वाकंल?’’ आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाली. ‘‘माझा बाप पोथी ऐकायचा. त्यो म्हनायचा, त्या शंभरांना एक भन बी हुती. शंभर ल्योक आनि एक लेक, एकशे एक. सासूबाईंनी तिला कदी गोष्टीत घेतलंच न्हाय. मला वाटलं, बाप खरं बोलला आसंल. म्हनून घातला पोरीचा गोळा. आन् दुसऱ्या दिशी माझं पोर तापलं, आन् नेमका त्योच पाय फुटला. म्हनलं, बाप चुकला, मी नेम मोडला, आता माझं पोर जातंय.’’

म्हणजे सकाळपासून त्या एका तड्यापुढं आम्ही दोघी आपापलं पाप घेऊन बसलो होतो. आणि माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी जी खारी माती आक्काच्या लेकांसाठी कालवली, ती फुटली माझ्या लेकीच्या गोळ्यात. मी अंगणात धावले. पोर शेळीच्या करडाला पाला चारत होती. मी तिचं कपाळ चाचपलं, गळा चाचपला, हात चाचपले. गार होती. ‘‘काय गं?’’ ती म्हणाली. तिला कवटाळून तिथंच बसले.

तेवढ्यात आक्का बाहेर आली. पोर खांद्यावर, पायांत वहाणा. तिनं जाता जाता माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. ‘‘ह्यो चोपनीचा,’’ म्हणाली. ‘‘आता ऊठ, गोधडी घे, पान्याचा तांब्या घे. गाडीत त्याचं डोकं कोन धरनार?’’

तो धपाटा माझ्या पाठीवर दोन दिवस होता. आयुष्यात कुणाचा मार मला इतका बरा वाटला नाही. तिनं मला गाडीत बसायला सांगितलं होतं, म्हणजे घरात ठेवलं होतं.

शीव आली तेव्हा आक्कानं माझा हात घट्ट धरला. बैल थांबले नाहीत, काही झालं नाही, बाभळीची झाडं मागं गेली. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोराची पापणी वर करून बघितली, सुई टोचली, कोयनेलच्या पुड्या दिल्या आणि विचारलं, इतका उशीर का केला? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, ‘‘चुकलं.’’ रात्री तिथंच पडवीत राहिलो. सकाळी त्याला दरदरून घाम सुटला. मग त्यानं डोळे उघडले, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘काकी, भाकरी.’’ आईला सोडून त्यानं माझ्याकडे भाकरी मागितली, याचं आक्काला नंतर पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं, आणि मला पुष्कळ दिवस बरं वाटत होतं. स्वभाव काय एका रात्रीत जात नाही.

परतताना गाडीत पोर झोपलेलं. आक्का म्हणाली, ‘‘तुला वाटतं मी चार ल्योकांची म्हनून मिरवती. मिरवतीच. पर तू परवा लेकीची वेणी घालत हुतीस आन् ती तुला कायबाय सांगत हुती. माझं चारबी जेवलं की भाईर पळत्यात. माझ्याजवळ बसून बोलणारं एक न्हाय. मग माझ्याबी पोटात दुकतंय.’’ इतकी वर्षं एका चुलीवर भाकऱ्या थापत होतो आणि दोघींचं पोट एकमेकींच्या ताटाकडे बघून दुखत होतं.

त्या वर्षी पूजेला हत्ती नव्हता. बायकांनी विचारलं तेव्हा मी जमिनीकडे बघत उभी राहिले. आक्का म्हणाली, ‘‘माती चांगली लागली न्हाय.’’ एवढंच. भाऊजींना नाही, बायकांना नाही, मरेपर्यंत तिनं दुसरं काही कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी गोठ्यातून काय ऐकलं होतं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या भादव्यात तिनं मला बोलावलं. मी माती मळून ठेवली होती, सगळी ओढ्याची, तीन वेळा चाळलेली. गावातल्या बायका बसल्या होत्या. आक्कानं चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना, तिलाही. बायकांना काय झालं ते कळलं नाही. मग ती गोष्ट सांगायला बसली. शंभर गोळ्यांपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, ‘‘शंभर ल्योकांनी शंभर गोळं आनलं. तरी हत्ती उभा ऱ्हाईना. मग त्यांची भन आली, तिनं आनला एकशे एकावा.’’ एक म्हातारी म्हणाली, असं कुठं आहे गोष्टीत? आक्का म्हणाली, ‘‘हाय. कन्हेरीला हाय.’’ माझी लेक परकराच्या ओच्यात गोळा घेऊन सगळ्यांसमोर पुढं आली, आणि डावा पाय तिचा झाला.

मला पुढं आणखी मूल झालं नाही. त्याचं दुखणं कधी कमी झालं ते आता आठवत नाही.

आक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. हत्ती अजून होतो, तिच्या सुना करतात, आता नातसुनाही. माती भिजली की थोरली सून पुढं होते, चिमूटभर माती जिभेला लावते, तोंड वाकडं करते, आणि मग गोळे घ्यायला सुरुवात होते. परवा नवी आलेली सून विचारत होती, हे कशासाठी? बाकीच्या म्हणाल्या, रीत आहे, आपल्या घरात पहिल्यापासून आहे. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सगळ्यांत जुनी म्हणून.

‘‘व्हय,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्यापासनं हाय. नीट चाखून बघा.’’